सासूबाईंच्या कोपराचं माप

दिवाळीला आठ दिवस उरले होते. भाजणीचा मोठा डबा आणि पितळी सोऱ्या दोन्ही स्वयंपाकघराच्या माळ्यावर होते. मी ठाण्याला ऑफिसात, हे कामानिमित्त बाहेरगावी आणि चिरंजीव क्लासला. सासूबाईंना वाटलं, सून दमून येते, तेवढी चकल्यांची तयारी तरी करून ठेवावी. स्टूल ओढलं, वर चढल्या, डब्याला हात घातला आणि डब्यासकट खाली आल्या.

मला फोन आला तेव्हा मी लोकलमध्ये होते. कळवा आणि मुंब्रा या दोन स्टेशनांमधलं अंतर त्या दिवशी संपता संपेना. नशीब थोर म्हणून उजव्या मनगटाच्या हाडावर निभावलं. सहा आठवडे प्लास्टर.

हाड जुळलं, प्लास्टर निघालं. पण मैत्रिणींनो, त्या सहा आठवड्यांत आमच्या घरात दुसरंच काहीतरी मोडलं. आम्ही सगळ्यांनी मायेनं बजावलं होतं, ‘आई, आता तुम्ही स्वयंपाकघरात पाऊल ठेवायचं नाही.’ आणि त्यांनी ते ऐकलं. पन्नास वर्षं जिनं घराला जेवू घातलं ती बाई बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर बसायला लागली. टीव्ही चालू असे, लक्ष नसे. एके दिवशी मी कामावरून आले तर हळूच म्हणाल्या, ‘अगं, मेथी निवडायची असली तर इथं आणून देतेस का? मी पाऊल नाही ठेवणार आत.’

मला त्या रात्री झोप लागली नाही.

दोष कुणाचा?

दुसऱ्या दिवशी मी आमच्या स्वयंपाकघराकडे पहिल्यांदाच परक्या नजरेनं पाहिलं. डोंबिवली पूर्वेची जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. स्वयंपाकघर दहा फूट बाय सात फूट. कडाप्प्याचा ओटा आणि त्याखाली उघडे खण, त्यांवर तारेला अडकवलेला पडदा. भिंतीवर स्टीलची मांडणी. वर माळा, माळ्यावर डबे, डब्यांवर डबे. रोज लागणारं तांदळाचं पीप ओट्याखाली अगदी मागे आणि वर्षातून एकदा लागणारं आइस्क्रीमचं लाकडी भांडं पुढ्यात! सासूबाई पडल्या त्यात त्यांची चूक नव्हती. चूक होती ती आमच्या मांडणीची.

मग मी चौकशी सुरू केली. एका दुकानातून तरुण मुलगा आला. दहा मिनिटांत त्यानं तांबड्या किरणांच्या यंत्रानं चारही भिंती मोजल्या. दोन दिवसांनी चित्र पाठवलं. चित्र सुरेख होतं. ओटा चौतीस इंच, वरची कपाटं थेट छतापर्यंत. किंमत पावणेदोन लाख. मी विचारलं, ‘यात आमच्या आई कुठं बसून काम करणार?’ तो म्हणाला, ‘काकू, बसायला बाहेर सोफा आहे ना!’ त्यानं भिंती मोजल्या होत्या; स्वयंपाक कोण करतं, हे विचारलंच नव्हतं. मग एका सुताराकडे गेले. त्याच्याकडे कामाची रांग लागलेली. तारखांवर तारखा मिळाल्या.

तळमजल्यावर राहणारे काका माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. डब्यांच्या सुतारकामात उभा जन्म गेलेला. त्यांच्याकडे रडगाणं गायले तर म्हणाले, ‘मग तूच कर की. तू भाकरी थापतेस ना गोल? ज्याचा हात भाकरीवर बसला, त्याचा गुण्यावर बसायला वेळ लागत नाही.’

ह्यांनी ऐकलं आणि म्हणाले, ‘हातोडी कोणत्या बाजूनं धरतात, ठाऊक आहे का?’

ते वाक्य मी मनात ठेवलं. दिवाळी होऊन गेली होती, गुढीपाडवा मार्चमध्ये होता. पाडव्याच्या आत स्वयंपाकघर उभं करायचं, असं मी देवापुढे नारळ ठेवून ठरवून टाकलं. पावसाळ्यात हे काम काढू नये, हेही काकांनीच सांगितलं. आपल्या ठाणे-कल्याणकडची पावसाळी हवा लाकडाच्या पोटात शिरते, चिकटवलेलं सुकत नाही आणि जूनमध्ये बरोबर बसलेलं दार थंडीत आक्रसून ढिलं होतं. थंडीचे दिवसच यासाठी उत्तम.

आधी माणूस मोजला

कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली ‘रुचिरा’त वाटी-चमच्याचं माप दिलं आणि लाखो घरांतल्या नवशिक्या सुगरणी झाल्या. तसंच काहीसं सोपं माप मला हवं होतं. काकांनी ते दिलं : ‘टेप भिंतीला लावण्याआधी सासूबाईंना लाव.’

रविवारी सकाळी मी सासूबाईंना भिंतीशी उभं केलं. त्या लाजल्या, ‘अगं, माझं काय कपडे शिवायचेत?’ उंची चार फूट दहा इंच. कोपर जमिनीपासून छत्तीस इंचांवर. उभ्यानं काम करायचं तर ओट्याची उंची कोपराच्या चार ते सहा इंच खाली असावी, म्हणजे खांदे उचलावे लागत नाहीत. त्या हिशेबानं त्यांना ओटा तीस ते बत्तीस इंचांचा हवा. आमचा होता चौतीस. मी पाच फूट तीन इंच, मला तो बरोबर. म्हणजे गेली वीस वर्षं ही बाई खांदे उचलून पोळ्या लाटत होती आणि संध्याकाळी ‘मान धरली गं’ म्हणत होती. आम्ही मलम आणून देत होतो!

ओटा तोडणं परवडणारं नव्हतं. मग त्यांना खुर्चीवर बसवलं. खुर्ची सोळा इंच उंचीची, पाय जमिनीला नीट टेकतील अशी. बसल्यावर कोपर पंचवीस इंचांवर आलं. पोळपाटाची उंची दोन इंच धरली आणि ठरवलं, ओट्याखालून बाहेर ओढता येईल अशी एक फळी तेवीस इंचांवर करायची. तिच्याखाली गुडघे जायला मोकळी जागा ठेवायची.

मग हात वर करायला लावला. स्टूल न घेता, चवडे न उंचावता, नीट दिसून वस्तू काढता येते ती कपाळापर्यंत. त्यांचं कपाळ पंचावन्न इंचांवर. खाली वाकणं गुडघ्यापर्यंतच जमतं. तेव्हा नियम झाला : रोज लागणारी प्रत्येक वस्तू गुडघा आणि कपाळ यांच्यामध्ये. जड वस्तू त्यातही खाली, हलक्या वर. सणासुदीचं सामान माळ्यावर, आणि ते काढायचं काम तरण्या पोरांचं.

नंतर वाचताना कळलं की हा विचार काही नवा नाही. जर्मनीत फ्रँकफर्ट शहरात १९२६ साली मार्गारेट शुट्टे-लिहोट्स्की नावाच्या स्थापत्यकार बाईंनी कामगारांच्या घरांसाठी स्वयंपाकघर आखलं. सुमारे साडेसहा चौरस मीटरचं, म्हणजे अगदी आमच्या सत्तर चौरस फुटांएवढं! आगगाडीतल्या भोजनाच्या डब्यात इवल्याशा जागेत इतक्या माणसांचा स्वयंपाक कसा होतो, हे पाहून त्यांनी हात आणि पावलं कुठं कुठं जातात याचा हिशेब मांडला. सुमारे दहा हजार घरांत ते स्वयंपाकघर बसवलं गेलं. आज आपण ज्याला मॉड्युलर किचन म्हणतो त्याची ती पणजी. त्यातही बसून काम करायला स्टूल होतं, हे वाचून मला कोण आनंद झाला! आणि खरं सांगू का, लोकलच्या बायकांच्या डब्यात मांडीवर पिशवी पसरून गवार मोडणाऱ्या आपल्या डोंबिवलीकरणींना इवल्या जागेतलं काम शिकवायला जर्मनीहून कुणी यायला नको.

सामान आणताना

कल्याणचं बंदर जुन्या काळापासून लाकडासाठी नावाजलेलं. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्यावर आपली जहाजं इथल्याच खाडीत बांधायला सुरुवात केली. त्या मातीतली मी, पण मला साग आणि सावर यांतला फरक कळत नव्हता! म्हणून आधी उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात दोन फेऱ्या मारल्या. विकत काही घेतलं नाही. तयार कपाटांची दारं उघडून आत डोकावले, पाठी पाहिल्या, खण ओढून पाहिले. बाहेरून चकचकीत आणि पाठीला पातळ पुठ्ठ्यासारखं काहीतरी, असं बरंच दिसलं.

शिकले ते थोडक्यात सांगते. भुसा दाबून केलेल्या फळ्या स्वस्त असतात, पण सिंकजवळ पाणी लागलं की पावासारख्या फुगतात. स्वयंपाकघरासाठी प्लायवूडच घ्यावं. त्यावर आयएसआयची खूण आणि क्रमांक छापलेला असतो, तो वाचून घ्यावा. ७१० हा क्रमांक मरीन प्लायचा. ओलीसाठी तो सर्वांत भरवशाचा. ३०३ हा क्रमांक सर्वसाधारण प्लायचा. त्यातलं केवळ दमटपणा सोसणारं प्लाय कपड्यांच्या कपाटाला चालतं, सिंकखाली चालत नाही. दुकानदार तोंडानं ‘वॉटरप्रूफ आहे ताई’ म्हणेल, त्यावर जाऊ नये. काकांनी दोन दुकानांतून एकेक तुकडा मागून आणला आणि जुन्या पातेल्यात चार तास उकळला. एकाचे पापुद्रे सुटून पुस्तकासारखी पानं उघडली. दुसरा होता तसाच. निवड आपोआप झाली.

प्लायची शीट आठ फूट बाय चार फुटांची येते. ओट्याखालच्या कपाटांना आणि दारांना अठरा मिलिमीटर जाडीचं प्लाय घेतलं, पाठीला सहा मिलिमीटरचं. आपण करवतीनं एवढी शीट सरळ कापू शकत नाही, आणि कापायची गरजही नाही. मानपाडा रोडवरच्या दुकानात यंत्रावर कापून मिळालं. फक्त आपण तुकड्यांची यादी नीट न्यायची : कुठला तुकडा, किती लांब, किती रुंद, किती नग. काकांनी यादीत एक चूक धरली. यंत्राचं पातं प्रत्येक कापाला सुमारे तीन मिलिमीटर लाकूड खातं, ते मी धरलंच नव्हतं. आठ काप म्हणजे इंचभर गेलं! दळण आणताना गिरणीची घट धरतो ना, तशीच ही घट.

हत्यारं फार लागत नाहीत. टेप, गुण्या, ओळंबा, पेचकस, हातोडी, कानस, पॉलिशपेपर, दोन शिकंजे आणि एक ड्रिल मशीन. मशीन मी विकत घेतलं, बाकी काकांच्या ट्रंकेतून आलं.

पहिला खोका वाकडा झाला

पहिल्या रविवारी मोठ्या उत्साहानं पहिला खोका जोडला. चार फळ्या, फेव्हिकॉल, सोळा स्क्रू. दिसायला छान. दार लावून पाहिलं तर वरून मिटे आणि खालून बोटभर उघडं राही. काकांनी न बोलता टेप घेतला आणि खोक्याचे दोन्ही कर्ण मोजले. एक दुसऱ्यापेक्षा पाऊण इंच जास्त. ‘हा चौकोन नाही, ही काजूकतली आहे,’ म्हणाले.

दोन्ही कर्ण सारखे आले तरच खोका काटकोनात. शाळेत पायथागोरसचं प्रमेय पाठ केलं होतं, ते इथं कामाला आलं. कोपऱ्यापासून एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट खूण करा. खुणांमधलं अंतर बरोबर पाच फूट आलं तर कोपरा काटकोनात आहे. फेव्हिकॉल सुकायच्या आत तपासलं तर खोका हातानं दाबून सरळ करता येतो. माझा सुकला होता. तो उलगडताना एक फळी चिरली. सातशे रुपये पाण्यात गेले आणि ह्यांच्या तोंडावर हसू आलं.

दुसरी चूक खणांची. ओढायचे खण बसवायला लोखंडी चॅनेल मिळतात. मी कपाटाच्या आतलं अंतर मोजलं, चोवीस इंच. आणि खण केला चोवीस इंचांचा. आत जाईना! चॅनेलला दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच जागा लागते, म्हणून खण बाहेरून तेवीस इंचच हवा. ब्लाउज शिवताना शिलाईची माया धरतो, तशी ही चॅनेलची माया. एवढं साधं, पण रडू कोसळलं. सासूबाई दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. म्हणाल्या, ‘पहिल्या पोळीचा नकाशाच होतो. तू काय आईच्या पोटातून गोल पोळी घेऊन आली होतीस?’ त्या दिवसापासून स्क्रूंची वाटी त्यांच्या मांडीवर असे. मोठे, मधले, बारके असे त्या निवडून ठेवत, आणि प्रत्येक स्क्रू देण्याआधी साबणाच्या वडीवर घासून देत. साबणानं स्क्रू लाकडात अलगद उतरतो, ही युक्ती काकांची.

स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडून घ्यायला विसरू नका. प्लायच्या कडेत थेट स्क्रू पिळला तर थर फाटतात.

तिसरा धडा भिंतींनी दिला. जुन्या घराची कुठलीही भिंत सरळ नसते. आमच्या ओट्याखालची लांबी वर मोजली तर सत्त्याण्णव इंच, मध्ये साडेशहाण्णव, खाली शहाण्णव. तीन ठिकाणी मोजावं आणि सर्वांत लहान माप धरावं. उरलेल्या फटीला शेवटी पट्टी मारता येते, पण मोठं झालेलं कपाट भिंतीत घुसवता येत नाही. काकांच्या भाषेत, ‘आखूड राहिलं तर पट्टी आहे, लांब झालं तर शिव्या आहेत.’

जमीनही मोरीकडे उतरती होती. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी जशी पातळी बघतात, तशी पाहिली. कपाटांना खाली चार इंचांचे, पिळून वर-खाली होणारे पाय लावले. आपण फरशी पाण्यानं धुणाऱ्या बायका. प्लाय जमिनीला टेकलं की ओल चढलीच.

कापलेल्या कडा उघड्या ठेवू नयेत. प्लाय पाणी पितं ते कडेनं. सगळ्या कडांना पट्ट्या चिकटवल्या, सनमायका चिकटवला. सनमायका फेव्हिकॉलनं चिकटवल्यावर रात्रभर सारखं वजन हवं. माळ्यावरचा पाटा, वरवंटा आणि जात्याच्या दोन्ही तळ्या खाली आल्या आणि दारांवर बसल्या. मिक्सर आल्यापासून निवृत्त झालेली ही मंडळी अशी पुन्हा कामाला लागली.

गॅस आणि भिंत : इथं धाडस नको

दोन गोष्टी मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा.

पहिली, गॅस. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. म्हणून सिलिंडरच्या कपाटाला अगदी तळाशी हवा खेळती राहील अशी भोकं किंवा जाळी हवीच, आणि रेग्युलेटरपर्यंत हात सहज पोचला पाहिजे. पाइपनं येणारा गॅस हवेपेक्षा हलका, तो वर चढतो. तिथं वरच्या बाजूला हवा जायला वाट हवी. पाइप, मीटर किंवा कॉक बंद कपाटात कोंडू नये, आणि पाइप हलवायचा असेल तर गॅस कंपनीचाच माणूस बोलवावा. आमच्याकडे पाइपचा गॅस आला आणि सिलिंडरची जागा मोकळी झाली. सासूबाईंची फळी बसली ती त्याच जागी.

दुसरी, भिंत. वरचं कपाट टांगायचं तर भोक पाडण्याआधी आतून विजेची तार किंवा पाण्याचा नळ गेलाय का, हे पाहा. बटणाच्या आणि नळाच्या सरळ वर-खाली ड्रिल लावूच नका. त्या खोलीची वीज बंद करून शेजारच्या खोलीतून वायर ओढून काम करा. जुन्या भिंतीचा गिलावा पोकळ असतो. स्क्रूची गिट्टी गिलाव्यात न अडकता आत विटेत रुतली पाहिजे. विटेचा भुगा लाल येतो, त्यावरून कळतं. आणि वरच्या कपाटात कपबशा ठेवा, धान्य नको. दहा किलो तांदळाचा डबा डोक्यावर टांगून आपण खाली पोळ्या लाटायच्या, हा कुठला शहाणपणा?

ड्रिल चालवताना डोळ्यांवर चष्मा, नाकावर रुमाल, आणि पदर-ओढणी अंगावर नको. वेळही पाहा. मी दुपारी दोनला भोक पाडायला घेतलं तर खालच्या मजल्यावरून निरोप आला, ‘वामकुक्षी चालू आहे!’ पुढची सगळी भोकं चारनंतर.

कपड्यांचं कपाट

हात बसल्यावर हाव सुटली. आमच्या आतल्या खोलीत खांब आणि भिंत यांच्यामध्ये चार फूट रुंदीचा कोनाडा होता. त्यात गाद्यांचा ढीग असे. तिथं कपाट केलं.

इथंही मोजमाप वस्तूचं घ्यावं. हँगरला अडकवलेल्या शर्टाला बावीस ते चोवीस इंच खोली लागते. घडी केलेल्या साडीला चौदा-पंधरा इंच पुरतात. म्हणून हँगरचा भाग खोल केला आणि साड्यांचा उथळ, नाहीतर मागे दुसरी रांग लागते आणि आपण लग्नातला शालू विसरून जातो. शर्टांच्या दांडीखाली बेचाळीस इंच मोकळे ठेवले. लांब कुर्ते आणि मॅक्सी यांना साठ इंच लागतात. फळी अडीच फुटांहून लांब असली की कपड्यांच्या वजनानं मध्ये झोळ येतो, म्हणून मधोमध उभी फळी घातली.

बाहेरच्या भिंतीला कपाट चिकटवू नका. बोटभर जागा सोडा, म्हणजे पावसाळ्यात पाठीला बुरशी धरत नाही आणि वाळवीची माती दिसली तर वेळीच दिसते. वर्षातून दोनदा, मृगाच्या आधी आणि दसऱ्याला, सगळं बाहेर काढून एक दिवस दारं उघडी ठेवा.

हिशेब

बारा रविवार लागले. काकांनी चार सांगितले होते! प्लाय, सनमायका, चॅनेल, बिजागऱ्या, कापणावळ, ड्रिल मशीन आणि वाया गेलेलं सामान धरून दोन्ही मिळून त्रेचाळीस हजार खर्च झाला. एका दाराची फट अजून दिसते. एक खण जरा अडकतो, त्याला मेणबत्ती घासावी लागते. दुकानातल्यासारखं झालेलं नाही, हे मी आधीच सांगून टाकते.

ज्यांना हे करून पाहायचं आहे त्यांना एवढंच सांगेन की सुरुवात स्वयंपाकघरापासून करू नका. आधी चपलांचा एक छोटा खोका करा. त्यात कर्ण, माया, बारीक भोक हे सगळं शिकून होतं, आणि चुकलं तर नुकसान चपलांचं. नळाचं, विजेचं आणि गॅसचं काम त्या-त्या माणसाकडूनच करून घ्या. आणि एखादे काका शोधा. आपल्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीत रेल्वेतून, कारखान्यांतून निवृत्त झालेले हात घरोघर बसून आहेत. त्यांना विचारलं की किती आनंद होतो, हे मी पाहिलंय.

पाडव्याच्या आदल्या रात्री अकरा वाजता सासूबाईंच्या फळीला शेवटचा स्क्रू लागला. लाटताना जोर पडतो म्हणून काकांनी फळीला पुढे एक घडीचा पाय सुचवला होता, तो ह्यांनी बसवला. हो, ह्यांनीच! हातोडी त्यांनी बरोबर बाजूनं धरली होती, एवढं नमूद करते.

सकाळी फडके रोडवर स्वागतयात्रेचे ढोल घुमत होते. डोंबिवलीत १९९९ साली सुरू झालेली ही यात्रा आम्ही एरवी कधी चुकवत नाही. त्या वर्षी चुकवली. सासूबाई न सांगता आत आल्या. फळी ओढली, पाय उघडला, खुर्ची सरकवली, पोळपाट ठेवला. पाच महिन्यांनी त्यांच्या हातची पुरणपोळी तव्यावर पडली. मनगट थोडं आखडत होतं, म्हणून पोळी अंमळ जाड झाली. कुणी काही बोललं नाही.

जेवणं झाल्यावर त्यांनी सगळे खण एकेक करून ओढून पाहिले, मिटले. मी कौतुकाची वाट पाहत उभी.

‘चांगलं झालंय,’ त्या म्हणाल्या. ‘पण सोऱ्याचा खण आणखी चार बोटं खाली हवा होता. दिवाळीच्या आत करशील ना?’